अवसेचं जू

पौष वद्य तृतीया, शके १८६३
वाडी, केदारखेड्याजवळ

द्वारके,

संक्रांतीला येऊ नको. पुढचं वाचलं न्हाई तरी चालेल, एवढं वाच.

मारुतीच्या पाराजवळ उंदीर पडले. भर दुपारी, उजेडात, दारू प्याल्यासारखे गोल फिरून. तालुक्याहून हुकूम आला, गाव खाली करा, रानात झोपड्या घाला. पटवाऱ्यानं तो चावडीवर वाचला, घडी करून खिशात घातला आणि घोड्यावर बसून निघून गेला. त्याचा हुकूम तेवढा गेला, गाव जिथल्या तिथंच. सगळे एकमेकांकडं बघून राह्यले.

तू मामांकडं जुन्या जालन्यात आहेस, तिथंच राहा. ही चिठ्ठी गौतमचंद शेठच्या दुकानी ज्वारी नेणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतोय. चंदाबाई तुझी मैत्रीण, ती बापाच्या दुकानातून तुझ्यापर्यंत पोचवील. तू मला लिहू नका म्हणाली होतीस, ते ध्यानात आहे. प्लेगाला ते लागू धरू नकोस.

माझ्यावरचा राग मी समजू शकतो. तुझ्या वडिलांनी म्हटलं होतं, पोरगा बी.एस्सी. होऊ द्या, मंग बघू. मला हैदराबादेत कळलं की ते जालन्यात दुसरं स्थळ बघून राह्यले. मी परीक्षा टाकून आलो आणि चावडीवर चार माणसांत तुझ्या वडिलांना बोललो. काय बोललो ते तुला लोकांनी सांगितलंच असेल. सगळं खरं न्हाई. थोडं खरं आहे.

आता एक सांगतो, हसू नको. कॉलेजात प्रोफेसरसाहेब फळ्यावर चौकटी काढायचे. लोखंडाच्या तुकड्यात न मोजता येतील इतके कण, प्रत्येक कण म्हणजे एक इवलं लोहचुंबक, तोंड वर तरी न्हाई तर खाली. ते उर्दूत शिकवायचे, "हर ज़र्रा अपने हमसाये का मुँह देखता है." कणाला सगळं लोखंड दिसत न्हाई. त्याला फक्त शेजारी दिसतो. शेजारी वर, तर हा वर. एकट्या कणाचं काय होईल हे कुणाच्या बापाला सांगता येत न्हाई, पण सगळ्यांचं मिळून काय होईल ते हिशेबानं सांगता येतं. आणि एक वेळ अशी येते की थोडक्यासाठी आख्खा तुकडा तोंड फिरवतो.

चावडीवरचे ते चेहरे बघून मला कॉलेजातला फळाच दिसला. घरी आलो, ओट्यावर कोळशानं वाडी काढली. राहणाऱ्या घरावर ज्वारीचा दाणा, जाणाऱ्या घरावर तुरीचा. एकेका घराचे शेजारी बघायचे, जिकडं जास्त तिकडं ते घर फिरवायचं. मधूनच कवडी टाकायची, कारण माणूस कधी कधी शेजाऱ्याचं ऐकतही न्हाई. लोखंडात त्याला उष्णता कारण. कण जितका तापलेला, तितका तो शेजाऱ्याला जुमानत न्हाई.

झुंबरआत्या भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "मंग तू तर पेटलेलाच की रे, मच्छिंद्रा." थोड्या वेळानं म्हणाली, "कोंबडी आत घेऊ नको. वाडी खाऊन टाकील."

हिशेब असा निघतो की गल्लीच्या मधली दोन-तीन घरं हलली की पुढची आपोआप हलतील. तुमचं घर त्यात आहे. तुझ्या आईला मी बाहेर काढीन. तू फक्त येऊ नको.

मच्छिंद्र


पौष वद्य सप्तमी

द्वारके,

माझा हिशेब चुकला. कसा चुकला ते सांगतो, कारण आता ते तुझ्यावर येऊन ठेपलंय.

कारभाऱ्याचं घर गल्लीच्या बराबर मधोमध. मी त्याच्यामागं लागलो, डोकं खाल्लं, शेवटी तो निघाला. सकाळी त्यानं सामान दाराशी आणलं. दोन्हीकडचे शेजारी दारात उभे राहून बघत होते. मी ओट्यावर उभा, आता हे हलणार, आता ते हलणार. एकजण म्हणाला, "कारभाऱ्या, घरात गाठ निघाली का रे कुणाला?" कारभारी उत्तर द्यायला थांबला न्हाई. शेजारी आत गेले आणि दारं लावून घेतली.

आणि त्याच वेळेला वाडीच्या पार दुसऱ्या टोकाहून, नदीकडच्या घरातून, गोजरबाई निघाली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिच्या शेजारचं एकही घर हललं नव्हतं. माझ्या ओट्यावर तिथं ज्वारीच ज्वारी होती. मला रागच आला. ही बाई नियम मोडून कुठं चालली.

उतारावर गेलो तेव्हा दिसलं. एकच गाडी, आणि जुवाला एक बैल कारभाऱ्याचा, एक गोजरबाईचा.

सावड, द्वारके. मी शेतकऱ्याचा पोरगा, माझ्या ध्यानात आलं न्हाई. दोन घरं, प्रत्येकाच्या दावणीला एकच बैल, वर्षभर दोघांचे बैल एका जुवात, पेरणी मिळून, गाडी मिळून. एक निघाला तर दुसऱ्याला निघावंच लागतं, आणि एक अडला तर दुसरा जागचा हलत न्हाई. हैदराबादेत खोल्यांत राहून राहून मी भिंतीपलीकडच्याला शेजारी समजायला लागलो. इथं शेजार भिंतीनं न्हाई, जुवानं लागतो.

ओटा पुसला आणि सावडीनं वाडी पुन्हा काढली. कोणाचा बैल कोणाच्या बैलाशी, अशा दोऱ्या. ज्यांच्या दावणीला बैलच न्हाई, ते तेली, सुतार, मजूर, त्यांचा बोजा वर्षानुवर्षं तुमच्या मोठ्या गाडीतून जातो, म्हणून त्या सगळ्यांची दोरी तुमच्या गाडीला. आणि तुमच्या गाडीला जुंपतात कोण? तुमचा चांद्या आणि आमचा कोसा.

मी चावडीवर बोललो त्या दिवशी संध्याकाळी तुझ्या वडिलांनी, रामरावांनी, आमच्या गोठ्यातून चांद्या सोडवून नेला. आमच्या दादांनीही हाक मारून थांबवलं न्हाई. सावड मोडली. आता कोसा इथं एकटा रवंथ करून राह्यला आणि चांद्या तिकडं. निम्मी वाडी त्या तुटलेल्या दोरीभोवती अडकून बसलीय. ज्याला विचारावं तो म्हणतो, रामरावांची गाडी हलू द्या, मंग आम्ही आहोतच.

तुझ्या वडिलांना एक ओळ लिही. चांद्या द्या, एवढीच. कारभारी रानातून येऊन त्यांना वाचून दाखवील. ते न हलण्याचं कारण तुला ठाऊक आहे. पहिलं घर निघालं की गाव म्हणतं, ह्याच्याच घरात गाठ, आणि जालन्याचे ते लोक तुझी सोयरीक मोडतील. हे मी तुला सांगावं, बघ.

मच्छिंद्र


पौष वद्य दशमी

द्वारके,

तुझं उत्तर मिळालं. अक्षर सुधारलंय.

"माझ्या दादांनी चांद्या सोडवून नेला तो तुमच्या तोंडामुळं. तोंड तुमचं आहे, तेच घेऊन त्यांच्याकडं जा. मला मध्ये घालू नका."

बरं. न्हाई घालत.

तुझ्यासाठी मी कॉलेज सोडलं हे तू ऐकलंच असशील. तू सांगितलं नव्हतंस, हेही मला ठाऊक आहे, तेव्हा ते उत्तर लिहून शाई खर्चू नको. मी काय मूर्ख आहे का? बी.एस्सी. झालो असतो तर तू मिळाली असतीस, आणि तू हातची जाईल म्हणून मी बी.एस्सी. टाकली. आत्या म्हणते, विहिरीत पडू नये म्हणून ह्यानं विहिरीत उडी घेतली.

तेल्याची सून गेली. बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता. तुझी आई विहिरीवर दिसली. मला बघून तिनं पदर सावरला आणि कुणाशी तरी बोलल्यासारखं बोलली, "चुलीच्या मागं एक सापडला. मी राखेत पुरला. ह्यांना सांगितलं न्हाई."

तुझ्या चुलीच्या मागं, द्वारके.

पहिल्यांदा वाटलं हे तुला लिहू नये. मंग वाटलं, का लिहू नये. तू मला मध्ये घालू नका म्हणालीस, पण उंदीर तुझ्या घरात पडून राह्यले.

मच्छिंद्र


संक्रांत

द्वारके,

गेल्तो.

तिळगूळ घेऊन गेल्तो, आत्यानं वाटीत घालून दिला. तुझे वडील ओसरीवर दोर वळत बसले होते. मी वाटी पुढं केली, "तिळगूळ घ्या" म्हणालो आणि थांबलो.

ते म्हणाले, "पुढचं बोल की. गोड बोला म्हणायचं तुझ्याच्यानं होईना का?"

तुझी आई दाराआड हसली आणि मंग खोकल्यासारखं केलं.

"चांद्या द्या," म्हणालो.

"चांद्या काय तिळगूळ हाय? मागितला की हातावर ठेवायला?"

"तेल्याची सून गेली, काका."

"मला ठाऊक हाय. मी गेल्तो खांदा द्यायला, तू नव्हता." दोर वळणं थांबलं न्हाई. "मला जालन्याला तोंड दाखवायचंय. मी पहिला निघालो की ते लोक काय म्हणतील? रामरावाच्या घरात गाठ. मंग पोरीला घरात ठेवू का तुझ्यासारख्या अर्धवट शिकल्याला देऊ?"

माझं डोकं तापलं. वाटी तिथंच आपटून निघणार होतो. पण ओट्यावरच्या त्या दोऱ्या डोळ्यांसमोर आल्या. एवढंच बोललो, "काका, एका जुवानं दोन घरं निघाली तर पहिलं घर कोणतं?"

त्यांनी दोर खाली ठेवला.

"सांगा ना. चांद्या पहिला का कोसा पहिला? जालन्याचे लोक विचारतील कुणाच्या घरात गाठ, तर गाव काय सांगेल? दोन घरात? त्यात एक तुमचा वैरी?"

मंग म्हणाले, "हे कुठं शिकलास?"

"हैदराबादेला."

"मंग पुरतं शिकून का न्हाई आलास," म्हणाले.

त्यांनी गोठ्यातून जू आणवलं. आमच्या दादांना बोलावणं गेलं. ते आले पण रामरावांशी बोलले न्हाईत, चांद्याच्या पाठीवर थाप मारून उभे राह्यले. रिवाजाप्रमाणं जुवाला कुंकू लावलं, नारळ फोडला, दोन्ही घरांनी हात ठेवायचे. दादांनी ठेवला. मी ठेवायला गेलो तेव्हा रामरावांनी माझं मनगट धरलं आणि एक अट घातली. अट काय, ते लिहीत न्हाई. मी हो म्हणालो.

पण उद्या करीचा दिवस, नवं काही करायचं न्हाई. आणि परवा अवस. अवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. प्रतिपदेला निघायचं ठरलं. मी म्हणालो प्लेगाला अवस कळत न्हाई. सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले.

आत्याचं अंग जरा कसकसून राह्यलं. थंडी लागली असेल. वाटीतला उरलेला तिळगूळ तिनंच खाल्ला.

मच्छिंद्र


माघ शुद्ध प्रतिपदा
शेतातून

द्वारके,

तुझी आई बाहेर आहे. तुमच्याच शेतात, आंब्याखाली, कडब्याच्या झोपडीत. ताप न्हाई, गाठ न्हाई. हे पहिलं लिहिलं, आता बाकीचं.

करीच्या दिवशी आत्याच्या जांघेत गाठ आली. तिनं मला दाखवली न्हाई, माझ्या आईला सांगितलं. अवसेच्या सकाळी मी रामरावांकडं गेलो, आजच चांद्या द्या म्हणून. ते म्हणाले, "अवसेला? वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवाचा एक दिवस, तो पण घेऊ?" दादांनीही कोस्याचं दावं सोडू दिलं न्हाई. दोघं बोलत नव्हते, पण ह्या बाबतीत दोघांचं एक.

मी तुमची मोठी गाडी मारुतीसमोर ओढून आणली. आत्याला घोंगडीत गुंडाळून तीत निजवलं. आणि जू माझ्याच खांद्यावर घेतलं.

एका खांद्यानं गाडी चालत न्हाई. जू तिरपं झालं, गाडी फिरली आणि चाक गटारीत गेलं. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "कोसा बरा दिसतो आज, दोन पायावर." मी परत उचललं, परत गाडी फिरली. मला दिसत नव्हतं. घाम होता का काय होतं, ते लिहीत न्हाई.

मंग एकदम खांदा हलका झाला. जू सरळ झालं. मान वळवून बघितलं तर दुसऱ्या अंगाला तुझे वडील, पागोटं काढून कमरेला बांधलेलं, उघडा खांदा जुवाखाली.

ते म्हणाले, "अवसेची सुट्टी बैलाला हाय. माणसाला कोणी दिली? चांद्या डाव्या अंगाला असतो म्हणून मी डाव्या. चल, जल्दी पाय उचल."

आत्या गाडीतून म्हणाली, "बैल बरे मिळाले बाई. एक म्हातारा, एक माजलेला."

कुणी हसलं, आणि मला वाटतं त्या हसण्यानंच झालं. सुतारानं त्याचा पेटारा आणून गाडीत ठेवला, न विचारता. तेल्यानं गेलेल्या सुनेचं तान्हं पोर आणलं. पाठीमागून गाडी ढकलायला हात लागले. आम्ही वेशीपर्यंत गेलो तेव्हा मागून दुसऱ्या गाडीचा आवाज आला, माणसांनीच ओढलेली. मंग तिसरीचा. कारभारी रानातून धावत आला आणि उलट वाडीत शिरला, आणखी एक जू खांद्यावर घ्यायला. दिवस मावळायच्या आत वाडीत मारुती आणि कुत्री एवढेच उरले.

फळ्यावर मी हे किती वेळा बघितलंय. थोडक्यासाठी आख्खा तुकडा तोंड फिरवतो. तिथं ते थंडपणानं होतं, खडूनं. इथं ते होत असताना मला एकदाही हिशेब आठवला न्हाई. तुझ्या वडिलांचा श्वास माझ्या कानाशी होता, आणि चढ आला की ते तोल माझ्याकडं देत होते आणि उतार आला की मी त्यांच्याकडं. एवढंच ध्यानात आहे.

बांधापाशी जू खाली ठेवलं. दोघांच्या खांद्याची सालं गेलेली. मला वाटलं आता बोलावं. आता हा माणूस न्हाई म्हणायचा न्हाई. तोंड उघडलंच होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरा, जुवाला हात लावलाय तू."

आत्याला शुद्ध कमी आहे. मला कोंबडीचं काहीतरी सांगते.

मच्छिंद्र


माघ शुद्ध अष्टमी, शके १८६३
मुक्काम आंब्याचं शेत

चि. सौ. कां. द्वारका हीस,

रामराव यांचे अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. तू आपली खुशाली लिहिणे. मी सांगतो आणि मच्छिंद्र लिहितो, तेव्हा अक्षर बघून दचकू नये.

तुझी आई बरी आहे. झोपडीत धूर फार होतो म्हणून कुरकुरते. चांद्याच्या खुराला लागलं होतं, बरं आहे. वाडीत जायला अजून मनाई आहे. ज्वारी काढायला आली, ती इथूनच काढू. सावड बराबर चालू आहे.

मच्छिंद्राची आत्या झुंबरबाई वारली. तिचं सगळं आपल्याच शेतात केलं. मी स्वतः उभा होतो. बाई हसरी होती. वाडीतून निघताना तिच्यामुळं लोक हलले, असं मी म्हणतो. लिहिणारा म्हणतो, जुवामुळं हलले. दोन्ही लिहून ठेवतो.

जालन्याच्या मंडळींचा निरोप आला. गाव एकदमच उठलं म्हणून त्यांना संशय राह्यला न्हाई, उलट रामरावानं अवसेला गाडी ओढली हे त्यांच्या कानावर गेलंय आणि त्यांना त्याचं कौतुक आहे. लग्न वैशाखात, इथंच शेतात मांडव घालू. मुलगा वकिलाकडं कामाला आहे, स्वभावानं थंड आहे असं तुझे मामा सांगतात.

मच्छिंद्रानं जुवाला हात लावून तुझं नाव सोडलंय. त्यानं शब्द पाळला, चांगला पाळला. हे मी त्याच्याच हातानं लिहवून घेतो, म्हणजे तुझ्या मनात किंतु राहू नये. लिहिताना तो जरा थांबला होता, दऊत कलंडली म्हणाला. कागदावर डाग आहे, तो त्याचा.

त्यानं परत हैदराबादेला जाऊन पुरतं शिकावं असं मी त्याला रोज सांगतो, आपल्या घरातून लागेल ते देईन म्हणतो. तो अजून हो म्हणून राह्यला न्हाई. तुझ्या आईनंही सांगितलं. तिला म्हणाला, ज्वारी निघू द्या.

तू इकडं येण्याआधी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन टोचून घेणे. ह्यात हयगय करू नये. मामांना सोबत घेऊन जाणे.

कळावे, लोभ असावा.

रामराव, निशाणी अंगठा

ता.क. कोणत्या दंडाला, ते वडिलांनी सांगितलं न्हाई, लिहिणारा सांगतो. डाव्या दंडाला घेणे. ठणकतं, तापही येतो, त्या दिवशी पाणी ओढू नये. मंग उतरतं.

लिहिणार, मच्छिंद्र